लिंबावरच्या अळ्या

नातवाने दिवाळीत मोबाईलला चिमट्यासारखं लावायचं एक छोटं भिंग आणून दिलं. गणपतीपुळ्याला येणारे लोक समुद्राचे नि सूर्यास्ताचे फोटो काढतात, मी परसातल्या लिंबाखाली स्टूल टाकून बसतो.

एका पानावर पक्ष्याची शीट दिसली. भिंगातून बघतो तर शिटेला पाय! फुलपाखराची अळी होती ती. मोठी झाली की ती हिरवी होते, पाठीवर खोटे डोळे येतात आणि डिवचली तर डोक्यामागून दोन तांबडी शिंगं काढून उग्र वास सोडते. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अशा वाढणाऱ्या जातींत नीलवंतही आहे, म्हणजे ब्लू मॉरमॉन. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. राज्याचं फुलपाखरू ठरवणारं देशातलं हे पहिलं राज्य. बातमी वाचून मी खूश झालो होतो. आणि त्याच वर्षी या झाडावरच्या अळ्या वेचून चपलेखाली चिरडतही होतो!

म्हणून फुलावर पंख पसरलेल्या फुलपाखराच्या 'छान छान' फोटोंचं मला फारसं कौतुक नाही. ते तर सगळ्यांना आवडतंच. फोटो काढावा तो अंड्याचा, अळीचा, कोशाचा. आणि झाडाचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांचं भारतीय फुलपाखरांचं संकेतस्थळ अशाच नोंदींवर उभं आहे. जाणकार त्या तपासतात. पूर्वी पुराव्याला फुलपाखरू मारून टाचणीला टोचत, आता बऱ्याच जातींसाठी चांगला फोटो पुरतो. (सगळ्या किड्यांना हे लागू नाही. काहींची जात सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरत नाही.)

किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये गार करून फोटो काढणारेही आहेत. मला ते मुळीच पटत नाही. असला फोटो नसला तरी चालेल.

असो. आमच्या सौ.चा सवाल निराळाच: "सगळी पालवी त्यांनी खाल्ली तर लोणचं कशाचं घालू?" प्रश्न रास्त आहे. शेवटी तह झाला. फवारा बंद, विहिरीकडची फांदी अळ्यांची, बाकी झाड लोणच्याचं. परवा त्या फांदीवर सात मोजल्या. आठवी लोणच्याच्या हद्दीत होती, ती सौ.नेच पानासकट उचलून इकडे आणून ठेवली.