गुडघे टेकण्याची लाज

"मनात आणलं तर एका दिवसात सोडीन!" दारुड्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही हे वाक्य पाठ असते. आमच्याही घरात ते एका वडीलधाऱ्यांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकू येत असे. आणि गंमत (तिला गंमत म्हणायचे असेल तर) अशी, की ते खोटे नव्हते. त्यांनी मनात आणले आणि एका दिवसात सोडली. अशी चार-पाच वेळा सोडली. दर वेळी घरात विजयोत्सव होई, त्या विजयाचा धनी 'मी' असे, आणि एवढा मोठा विजय साजरा करायला शेवटी पेलाच लागे.

व्यसनमुक्तीविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यात इच्छाशक्तीचा जयजयकार असतो. आमचे म्हणणे असे, की पुष्कळ व्यसनी माणसांच्या ठायी इच्छाशक्ती मुबलक असते. रोग तिच्या मालकाच्या दर्पात असतो. हे म्हटले की आमची विवेकवादी मित्रमंडळी अस्वस्थ होतात. त्यांच्या मते 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या बारा पायऱ्या म्हणजे मागील दाराने आत शिरलेले चर्च होय, आणि खचलेल्या माणसाला 'तू हरलास' असे सांगणे क्रौर्य होय. दुसरा एक वर्ग अधिक समंजस दिसतो. त्याला सभा हवी, चहा हवा, परस्परांचा आधार हवा. ख्रिस्त तेवढा नको. धर्मनिरपेक्ष वाटेने प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संस्था आहेत, पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून आहे. आमचा रोख त्यांच्यावर नाही. फळ घेऊन झाड नाकारणाऱ्यांशी आमचा वाद आहे.

झाड कोठले ते पाहू. 1934च्या नोव्हेंबरअखेरीस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बिल विल्सन या दारूने धुळीस मिळवलेल्या शेअर बाजारवाल्याकडे त्याचा जुना पिण्यातला सोबती एबी थॅचर आला. विल्सनने जिन पुढे केली. एबीने ती नाकारली. तो 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती चळवळीत जाऊ लागला होता. डिसेंबरात विल्सन टाउन्स हॉस्पिटलमध्ये अखेरचा दाखल झाला आणि तेथे त्याला तो प्रसिद्ध प्रकाशाचा अनुभव आला. चमत्काराची आवड असल्यामुळे बहुतेक लोक गोष्ट येथेच थांबवतात. आम्हांला पुढचे पाच महिने अधिक बोलके वाटतात. प्रकाश पाहिलेला हा गृहस्थ दारुड्यांना उपदेश करीत न्यूयॉर्कभर हिंडला, आणि त्यांतला एकही शुद्धीवर टिकला नाही. दर्प त्या प्रकाशात जळाला नव्हता. त्याने बाजारवाल्याचा सूट उतरवून पाद्र्याचा झगा चढवला होता, इतकेच. उपदेश बंद कर, हे त्याला डॉ. सिल्कवर्थ यांना सांगावे लागले.

मग मे 1935. ओहायोतील अक्रन शहर, फसलेला सौदा, मेफ्लॉवर हॉटेल, एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. विल्सनला त्या क्षणी उमगले, की आपल्याला दुसरा दारुडा हवा आहे. त्याला तारण्यासाठी नव्हे, आपण तरण्यासाठी. त्याने एका धर्मोपदेशकाला फोन लावला, त्या धाग्याने हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत तो पोहोचला, आणि त्यांच्याकडे त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. डॉ. बॉब यांचा शेवटचा पेला ज्या दिवशी झाला तो 10 जून 1935 हा दिवस संस्थेचा जन्मदिवस मानतात. उपदेशकाने याचकाच्या जागी येऊन बसणे म्हणजे 'अहंकार मोडणे', असे आम्ही समजतो.

याच्याही मागे जाऊ. ऑक्सफर्ड ग्रुपचा प्रणेता फ्रँक बुकमन हा अमेरिकन ल्यूथरन पाळक. फिलाडेल्फियात तरुण मुलांसाठी तो एक वसतिगृह चालवी. सहा विश्वस्तांशी पैशांवरून त्याचे बिनसले आणि राजीनामा देऊन तो मनात विष घेऊन निघाला. 1908 मध्ये इंग्लंडातील केझिक येथे एका लहानशा प्रार्थनागृहात एक बाई क्रूसाविषयी बोलत होत्या. ते ऐकताना त्याला जाणवले, की त्या सहांच्या यादीत सातवा अपराधी आपण आहोत. त्याने सहाही जणांना क्षमायाचनेची पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही.

विश्वस्तांचे चुकलेही असेल. आजचा समुपदेशक बुकमनला विचारील, 'पण तुमच्यावर अन्याय झाला नाही का?' आणि हा प्रश्न रास्त आहे. तरीही क्रूसापुढे तो थोडा विचित्र वाटू लागतो. गर्विष्ठ माणूस अखंड आपले वकीलपत्र घेऊन उभा असतो, कारण त्याला न्यायालयाची धास्ती असते. क्षमा आधीच मिळालेली आहे, आणि ती लायकी पाहून मिळालेली नाही, असे ज्याला वाटते त्याचा खटलाच निकालात निघतो. मग स्वतःचा अपराध कबूल करणे हा मृत्यू राहत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार आठवावेत. परूशी खोटे बोलत नव्हता. तो खरोखर उपास करी, खरोखर दशमांश देई. आमच्या घरातले वडीलधारेही खरोखरच दारू सोडीत. दोघांचीही पुण्याई अस्सल होती, आणि दोघेही ती मोजीत बसले.

बारा पायऱ्या 1939च्या पुस्तकात छापून आल्या. त्यांतली सातवी पायरी नम्रपणे दोष काढून टाकण्याची याचना करते. मूळ मसुद्यात ही याचना गुडघे टेकून करायची होती. छपाईपूर्वी गुडघे गाळले गेले. ईश्वराच्या उल्लेखापुढे 'आम्हांला तो जसा उमगला तसा' या अर्थाची पुस्तीही जोडली गेली. याला आमची हरकत नाही. त्या पुस्तीमुळे असंख्य नास्तिकांना दार उघडले. परंतु आतल्या खोलीत कोण आहे हे विसरले, की 'उच्च शक्ती' आधी गट होते, मग निसर्ग होते, आणि अखेर आरशातल्या आपल्यासारखीच दिसू लागते. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 1981 साली कृपा फाउंडेशन सुरू करणारे फादर ज्यो परेरा हे बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली. त्यासाठी त्यांना क्रूस झाकावा लागला नाही. संस्थेच्या नावातच सारा सिद्धान्त आहे.

येथे कोणी म्हणेल, ही तर आमची शरणागती. वारकऱ्यांनी हे केव्हाच सांगितले, माळ घातली की बाटली सुटते. माळेने सुटलेली पुष्कळ घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्या माळेपुढे आमची मान लवतेच. पण 'सगळे एकच' या गोडगट्ट समन्वयाचा आम्हांला कंटाळा आहे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली अशी कथा आहे. तेथे धनको सोडून देतो. आठव्या-नवव्या पायरीत ऋणको यादी करतो, आणि ज्यांचे नुकसान केले त्यांची दारे स्वतः ठोठावतो. पाचव्या पायरीत तो आपली सारी घाण देवाइतकीच एका जिवंत माणसापुढेही ओततो. देवापुढे नमणे सोपे असते. शेजाऱ्यापुढे, बायकोपुढे नमताना अहंता किंचाळते.

आता ज्या आक्षेपाने आम्हांला खरोखर अडवले त्याकडे येतो. व्हॅलरी सेव्हिंग यांनी 1960 मध्ये लिहिले, की गर्वाला मूळ पाप ठरवणारे धर्मशास्त्र पुरुषांच्या अनुभवावर बेतलेले आहे. बाईचे दुखणे बहुधा स्वतःला पुसून टाकण्याचे असते. जीन कर्कपॅट्रिक यांनी 1975च्या सुमारास 'विमेन फॉर सोब्रायटी' सुरू केली ती याच तक्रारीतून: मद्यपी स्त्री आधीच धुळीत असते, तिला आणखी काय वाकवता? हे खरे आहे. ज्या समाजात काही जातींना पिढ्यान्‌पिढ्या वाकण्याचेच शिक्षण मिळाले तेथे 'नम्रता' हा शब्द निष्पाप नाही, आणि चर्चने त्याचा गैरवापर केला हेही आम्ही नाकारत नाही. परंतु ज्या लूकमध्ये जकातदार आहे त्याच लूकमध्ये मरियेचे गीतही आहे. तेथे प्रबळ आसनावरून खाली येतात आणि दीन वर उचलले जातात, एकाच हाताने. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगोलग तिथल्या धर्मगुरूंशी व आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद आरंभला. देवापुढे टेकलेले गुडघे बिशपापुढे टेकलेच पाहिजेत, असे त्यांना वाटले नाही. आमचे विरोधक आणि पुष्कळ पाद्रीही या दोन वाकण्यांत गल्लत करतात.

आकडे हवेत? 2020च्या कॉक्रन आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 सहभागी होते. मद्यापासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांचा सुव्यवस्थित उपक्रम इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरला. ही देवाची साक्ष नव्हे, आणि तसे आम्ही म्हणतही नाही. 'भाबडेपणा' हा शब्द मात्र आता जरा जपून वापरावा.

आमच्या बाजूच्यांनाही एक सांगायचे आहे. व्यासपीठावर उभे राहून 'मी किती पडलो होतो आणि प्रभूने मला किती उंच नेले' हे रंगवून सांगणाऱ्या साक्षी आम्ही पुष्कळ ऐकल्या. त्यांतल्या 'किती'ला दारूचाच वास येतो. बुकमनही अखेर बड्या लोकांच्या मागे लागला, नावे मिरवू लागला. 1937च्या सुमारास न्यूयॉर्कचे दारुडे त्याच्यापासून वेगळे झाले, त्यामागे ही प्रसिद्धीची हौसही होती. त्यांनी अनामिकतेचा नियम केला तो केवळ लाज झाकण्यासाठी नव्हे. येल विद्यापीठाने 1954 मध्ये देऊ केलेली सन्माननीय पदवी विल्सनने नाकारली. आणि जिन नाकारून ज्याने हे सारे सुरू केले तो एबी थॅचर पुढे पुन्हा प्यायला, सुटला, पुन्हा प्यायला. असा अनेक वर्षे पडत-उठत 1966 मध्ये वारला. विल्सन अखेरपर्यंत त्याला आपला 'स्पॉन्सर' म्हणत राहिला.