सोळा पायांची चिप

पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आमचे भंडारा. इथे घागर फुटली म्हणून कुणी टाकून देत नसे. तिला डाख देऊन आणावी, नाहीच जमले तर मोड म्हणून वजनावर द्यावी. अशा गावात वाढलेल्या माणसाला दुरुस्ती म्हणजे डाव्या हाताचा मळ वाटला तर नवल नाही. म्हणून दिवाळीच्या झाडलोटीत वहिनींनी माळ्यावरून दादांचा जुना कॉम्प्युटर खाली काढला आणि “भाऊजी, एवढा सुरू करून द्या,” म्हणाल्या, तेव्हा “हात्तिच्या! त्यात काय?” असे मी बोलून गेलो.

यंत्राचे नाव डीबी स्पेक्ट्रम. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 1982 साली स्पेक्ट्रम बाजारात आणला. 1986 पासून डेसिबेल्स या कंपनीने तो आपल्याकडे विकला. टीव्हीला जोडायचा, कार्यक्रम कॅसेटवरून भरायचा. स्मृती अवघी 48 किलोबाइट. मोबाइलवरचा एक फोटोही तीत मावायचा नाही. तेवढ्यात दादांनी मुलीसाठी पाढे विचारणारा कार्यक्रम रचला होता. या यंत्रात आपल्या मनाजोगी 21 चिन्हे आठ बाय आठ चौकटींत घडवता येतात. दादांनी आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून त्यांतून मराठी अक्षरे केली होती. उत्तर बरोबर आले की पडद्यावर ‘शाबास’ उमटे. दादांना जाऊन चार वर्षे झाली. ती मुलगी यंदा आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन पुण्याहून येणार होती.

यंत्र लावले, तर पडद्यावर नुसते उभे पट्टे. आमच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी झाकण उघडले, एकेका चिपेवर बोट टेकवले आणि एकीवरून चटकन उचलले. “हे तापून राहिली जी. रॅम गेली.”

पडद्याचे चित्र ज्या स्मृतीत साठते, तिथे 4116 या जातीच्या आठ चिपा असतात. प्रत्येकीला सोळा पाय. खाणे मोठे नखऱ्याचे. बारा व्होल्ट हवेत, पाच हवेत, आणि उणे पाचही हवेत! उणे पाच बंद पडले की बाकीचे दोन तिला भाजून काढतात. आमच्याकडे तेच झाले होते. एक मेली होती, इतरांचा भरवसा नव्हता.

नागपूर साठ किलोमीटर. सीताबर्डीच्या दुकानदाराने आकडा ऐकला आणि मला बसायला स्टूल दिले, यावरून काय ते समजलो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाच्याला पिटाळले. तो वडापाव खाऊन परतला. शेवटी टपालाने आठ चिपा मागवल्या. अक्षरे कशी कोरी करकरीत! आमच्या गृहस्थांनी कापसावर ॲसिटोन घेऊन पुसले, तो नवे नाव कापसावर आले आणि खाली दुसराच आकडा दिसला. पैसे बुडाले.

असला माल येतो जुन्या बोर्डांतून. दिल्लीच्या सीलमपुरात असे बोर्ड सुटे होतात. मुरादाबादेत ते भाजून, तेजाबात बुडवून धातू काढत आले आहेत. मुरादाबादही पितळेचेच गाव, हे वाचून मी जरा गप्प झालो. आमच्या मोडीच्या भांड्याने कुणाच्या छातीत असला धूर भरल्याचे ऐकिवात नाही.

गंमत अशी, की यंत्राचा मेंदू मिळणे त्या मानाने सोपे. झेड-80 ही चिप 1976 सालची. झायलॉग कंपनीने तिच्या मागण्या घेणे बंद केले ते थेट 2024 साली. तिची गिऱ्हाइके जगभर होती. उलट यूएलए नावाची चिप खास स्पेक्ट्रमसाठी घडवलेली. ती करणारी फेरांटी कंपनी 1993 साली बुडाली. सुदैवाने आमची यूएलए शाबूत होती.

पुतणीने फोनवर सुचवले, “काका, कॅसेटचा आवाज लॅपटॉपमध्ये भरून घ्या. कार्यक्रम तिथेही चालेल.” शहाणपणाचे होते, भाच्याने लगेच केले आणि चाललेही. वहिनींनी पाहिले, म्हणाल्या, “छान. पण हा लॅपटॉप आहे. तो यांचा.”

तोड काढली ती आमच्या गृहस्थांनीच. 4116 ची धाकटी बहीण 4164. तिलाही सोळाच पाय, पण एका पाच व्होल्टांवर ती सुखी. कुठल्याशा कॉलेजच्या भंगारातला पीसी-एक्सटीचा बोर्ड त्यांच्याकडे पडून होता. त्यावर या चिपा नऊ-नऊच्या ओळींनी बसलेल्या. आठ स्मृतीच्या, नववी त्यांच्या चुका धरणारी. एक ओळ त्यांनी उतरवली, बारा आणि उणे पाचच्या वाटा तोडल्या, पाचची वाट वळवून घेतली. दोन संध्याकाळी गेल्या. नववी चिप त्यांनी माझ्या हातावर ठेवली. “राहू द्या जी, पुढं लागंल.”

वसुबारसेला त्यांच्याच दुकानातला जुना टीव्ही घरी आणला. कॅसेट दोनदा फसली. तिसऱ्यांदा मी टेपरेकॉर्डरचा हेड स्क्रूने जरासा फिरवला, तेव्हा कर्कश आवाजाबरोबर कडेला निळे-पिवळे पट्टे धावू लागले. हे पट्टे मात्र शुभ. वहिनी चकलीचा सोऱ्या तसाच हातात घेऊन आल्या.

सात आठे?

नातीने 54 टाकले. पडद्यावर दादांच्या हातची अक्षरे आली: ‘पुन्हा’.