कॅबिनेटचा चिकटपणा घालवा, पण धुऊन नको!

दिवाळीच्या साफसफाईला हात घालावा, गॅसवरचं कॅबिनेट उघडायला जावं आणि बोटं हँडललाच चिकटावीत, हा अनुभव घरोघरचा. दोन वर्षांपूर्वी मीही एक व्हिडिओ पाहून कामाला लागले. बेकिंग सोड्यावर व्हिनेगर ओतलं, भरपूर फेस आला, तो सगळ्या दरवाजांना थापला आणि वरून पाणी मारून धुऊन काढलं. चिकटपणा जवळजवळ तसाच राहिला. आठवडाभरात सिंकखालच्या दरवाजाची कड मात्र टम्म फुगली. सुतारदादांनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘‘ताई, पुसायचं सोडून धुतलंत का?’’ नवा दरवाजा करून घ्यावा लागला.

माझ्या दोन चुका झाल्या होत्या. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की एकमेकांचा जोर संपवतात. फेस म्हणजे उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी, त्याला तेल काय दाद देणार? दुसरं म्हणजे, मॉड्युलर किचनचे दरवाजे बहुधा प्लाय, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डवर लॅमिनेट लावून केलेले असतात. लॅमिनेटला पाण्याने काही होत नाही, पण कडेच्या पट्टीच्या फटीतून पाणी आत गेलं की बोर्ड फुगतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

हा थर इतका हट्टी का असतो, तेही सांगते. फोडणी देताना, तळताना तेलाचे बारीक कण वर उडतात आणि कॅबिनेटवर बसतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते हळूहळू घट्ट, चिकट होतात. सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही तेलं यात पुढे. करडईचं तेल रंग बनवायला वापरतात, ते याच वाळण्याच्या गुणामुळे! खोबरेल तेल असं वाळत नाही. त्यामुळे कालचा डाग कोमट पाण्याच्या फडक्याने निघतो, पण वर्षभराचा थर घासूनही हलत नाही.

अशा जुन्या थरावर मी आता आधी तेलच लावते. हसू नका! फडक्यावर थोडं खाण्याचं तेल घेऊन चिकट भागावर चोळा आणि दहा मिनिटं थांबा. जुना थर मऊ पडतो. मग कोरडं बेसन भुरभुरून फडक्याने पुसून घ्या, सुटलेलं तेल बेसन शोषून घेतं.

उरलेलं काम रिठ्याचं. आठ-दहा रिठे फोडून बिया काढा, साली दोन ग्लास पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळून घ्या. त्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि वरून खाली पुसत या. मग साध्या ओल्या फडक्याने आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. हे पाणी डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं, मुलांना जरा लांबच ठेवा.

रिठे मिळाले नाहीत तर अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे बेकिंग सोडा चालेल. हँडलच्या खाचांसाठी जुना टूथब्रश घ्या. अॅक्रिलिकच्या चकचकीत दरवाजांवर मात्र कोरडा सोडा घासू नका, चरे पडतात. अॅल्युमिनियमच्या हँडलवर धुण्याचा सोडा नको, ती काळवंडतात. काहीही लावण्याआधी दरवाजाच्या आतल्या कोपऱ्यात करून पाहा.

मग व्हिनेगर कशाला? नळाभोवती साचलेल्या क्षारांच्या पांढऱ्या डागांना. तिथे ते झकास काम करतं. पण ओटा किंवा मांडणी कडाप्प्याची वा संगमरवराची असेल तर व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही दूर ठेवा. हे दगड आम्लाने झिजतात, चमक जाऊन कायमचे डाग राहतात. ग्रॅनाइटला एवढी भीती नाही.

आणि कॅबिनेटच्या माथ्यावरचा, कुणालाच न दिसणारा थर? तो एकदाच खरवडून काढला आणि वर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. दर दोन महिन्यांनी ती गुंडाळून टाकते, नवी घालते. या दिवाळीत शिडीवर चढले ती फक्त आकाशकंदील लावायला.