ऑपरेशन झाले, पण इकोचे काय?

गेल्या पावसाळ्यात चौदा वर्षांच्या एका मुलीला तिचे वडील ताप आला म्हणून माझ्याकडे घेऊन आले. दोन वर्षांची असताना तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. शेवटचा इको कधी काढला, असे मी विचारले. त्यांनी फाईल उघडली. आठ वर्षे उलटून गेली होती! "पोरगी ठणठणीत आहे, डॉक्टरसाहेब, म्हणून गेलो नाही," ते म्हणाले. त्यांना काय बोलणार? या आठ वर्षांत सर्दी-खोकल्यासाठी ती माझ्याच दवाखान्यात अनेकदा येऊन गेली होती. मीही कधी विचारले नव्हते.

तिचा आजार 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो'. हृदयात छिद्र आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, त्यामुळे बाळ निळे पडते. १९५४ साली अमेरिकेत डॉ. लिलेहाय यांनी या दोषाची पहिली संपूर्ण दुरुस्ती केली. आज अशी मुले मोठी होऊन संसाराला लागतात. मात्र अरुंद वाट मोठी करताना तेथील झडप पुष्कळदा निकामी होते. मग प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे गळते आणि हृदयाचा उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो. मूल खेळते, धावते. तक्रार काहीच नसते. त्रास जाणवू लागतो, तेव्हा कधी कधी उशीर झालेला असतो.

ही गळती कळण्यासाठी सुई नको की कापाकापी नको. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर जेली लावून यंत्र फिरवतात. दुखत नाही, क्ष-किरणही नाहीत. मूल मोठे झाले की हाडे आणि फुफ्फुसे आड येऊन उजवा कप्पा इकोत नीट दिसत नाही. तेव्हा एमआरआय उपयोगी पडतो. कप्पा किती फुगला, रक्त किती गळते, हे त्यात मोजता येते. त्यातही क्ष-किरण नसतात. मात्र बराच वेळ स्थिर पडून राहावे लागते, म्हणून लहान मुलांना झोपेचे औषध द्यावे लागते. सीटी स्कॅन झटपट होतो, पण त्यात क्ष-किरण असतात; तो गरजेपुरताच करावा.

पालकांची अडचण मी जाणतो. शहरात जायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, शासनाने ऑपरेशनवर थांबू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते, अठरा वर्षांपर्यंत उपचार मिळतात. तशीच ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही तालुक्यात असावी आणि मुलांच्या हृदयतज्ज्ञांनी ठरलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालयात येऊन इको करावेत. आम्हा गावच्या डॉक्टरांनीही छातीवरचा व्रण दिसला की शेवटच्या इकोची तारीख विचारावी.

त्या मुलीचा इको झाला, मग एमआरआय झाला. उजवा कप्पा फुगलेला निघाला. झडप बदलावी लागेल, पण वेळ अजून हातात आहे, असे तज्ज्ञांनी सांगितले.

आपल्या घरी असे मूल असेल, तर आज रात्रीच फाईल काढा आणि तारीख पाहा. पुढच्या तपासणीची मुदत टळून गेली असेल, तर मूल कितीही ठणठणीत दिसो, हृदयतज्ज्ञांची वेळ घ्या.