साठवण, अडगळ आणि पाच इंचांची फळी

मराठीत ‘मांडणी’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. समीक्षेत आम्ही तो रोज वापरतो : विषयाची मांडणी, युक्तिवादाची मांडणी. स्वयंपाकघरात तोच शब्द भिंतीवरच्या, ताटे-वाट्या-डबे ठेवायच्या चौकटीला लावला जातो. कसोटी मात्र दोन्हीकडे एकच आहे. जे मांडले ते एका नजरेत दिसले पाहिजे आणि हवे ते उचलताना बाकीचे कोसळता कामा नये. या कसोटीला आजची छोटी घरे उतरत नाहीत, आणि त्याची किंमत त्या घरांत राहणारी माणसे मोजतात, असे आमचे म्हणणे आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी डब्यांच्या फळीविषयी का बोलावे, असा प्रश्न कुणी विचारील. फडताळ, कोनाडा, शिंके, उतरंड, कणगी, बळद हे शब्द वर्गात आज तळटीप देऊन शिकवावे लागतात. जी वस्तू घरातून जाते तिचा शब्दही काही वर्षांत जातो, आणि शब्दाबरोबर त्यातले शहाणपण जाते.

या जुन्या साधनांत एक समान सूत्र होते. फडताळ आणि कोनाडा भिंतीच्या जाडीतच सामावलेले असत. खोलीची जमीन ते खात नसत. शिंके तर हवेत लटके. उतरंडीत मोठे मडके तळाशी आणि लहान वर, म्हणजे एका मडक्याच्या जागेत पाच मडकी. धान्याची मातीची कोठी वरून भरायची आणि तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढून हवे तेवढे धान्य खालून घ्यायचे. ही सगळी उभ्या दिशेने विचार करणारी माणसे होती.

मुंबईच्या चाळीने हेच सूत्र शहरात आणले. १९२०च्या दशकात बांधायला घेतलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात माळा, दारावरची फळी, खाटेखालचे पत्र्याचे डबे. रॉकेलचा चौकोनी डबा तांदळाचा होई आणि डालड्याचा डबा डाळीचा. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली आले. त्यानंतर चाळीतल्या माणसांविषयी आपण भरपूर लिहिले. चाळीतल्या फळ्यांविषयी जवळजवळ काही नाही.

आता आजचे घर पाहू. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारे घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९ झाले, आता ३०० आहे. बीडीडी चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत आणि वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. ही वाढ मोलाचीच आहे. पण आपण घर मोजताना फक्त जमीन मोजतो. दहा बाय सोळाची खोली घ्या. तिची जमीन १६० चौरस फूट. उंची दहा फूट धरली तर चार भिंतींचे क्षेत्रफळ ५२० चौरस फूट. दारे-खिडक्या वजा केल्या तरी जमिनीच्या दुपटीहून अधिक जागा भिंतीवर उरते, आणि नकाशात तिचा हिशेब कुठेच नसतो.

याउलट ज्या साठवणीचा हिशेब असतो, ती ओट्याखालची. ओटा दोन फूट खोल. म्हणून त्याखालचे कपाटही तेवढेच खोल. येथे एक साधे उदाहरण घेऊ. हापूसच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा मराठी घरांत ओळखीचा आहे. परदेशातल्या मराठी घरांत तर आमरस म्हणजे तोच डबा. त्याचा व्यास सुमारे चार इंच, उंची पावणेपाच इंच. दोन फूट खोलीच्या कपाटात असे डबे एकामागे एक पाच राहतात. त्यांतला दिसतो एकच. मागचे चार दिसत नाहीत, म्हणून आठवत नाहीत, म्हणून नवे आणले जातात. एखाद्या पावसाळ्यात मोरीच्या बाजूच्या ओलीने मागच्या डब्याला गंज चढतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत मुदत उलटलेला डबा हाती लागतो.

येथेच आम्हांला साठवण आणि अडगळ यांतला फरक दिसतो. भालचंद्र नेमाडे यांनी ‘हिंदू’ या २०१० सालच्या कादंबरीच्या उपशीर्षकातच ‘समृद्ध अडगळ’ असे शब्द योजून या शब्दाला प्रतिष्ठा दिली. संस्कृतीच्या बाबतीत अडगळ समृद्ध असेलही. शिध्याच्या बाबतीत ती नुसते नुकसान असते. वस्तू तीच, घर तेच. ती दिसते आणि हाताला येते तोवर साठवण, दिसेनाशी झाली की अडगळ.

म्हणून आमचा आग्रह उथळ फळीचा आहे. वाङ्मयात उथळपणा हा दोष. येथे तो गुण. फळीची खोली एका डब्याएवढी, म्हणजे पाच इंच. दोन फळ्यांमधले अंतर सहा इंच, म्हणजे बोटे घालून डबा काढता येतो. समोर बोटभर उंचीची आडवी पट्टी, म्हणजे डबा घसरत नाही. दोन फूट रुंद आणि सहा फूट उंच अशा चौकटीत दहा फळ्या बसतात. प्रत्येक फळीवर पाच, असे पन्नास डबे. जमिनीची जागा गेली एक चौरस फुटाहूनही कमी. प्रत्येक डब्याचे नाव समोर. आमरसाच्या जागी अननसाच्या चकत्या, मक्याचे दाणे, मसाल्याच्या बरण्या, डाळींचे स्टीलचे डबे काहीही ठेवा. तत्त्व बदलत नाही. अशी चौकट दारामागे, फ्रीजच्या बाजूला, बोळकांडीच्या भिंतीवर कोठेही मावते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. भरलेला डबा जवळजवळ किलोचा असतो, म्हणजे पन्नास डब्यांचे वजन पन्नास किलोच्या आसपास; चौकट पक्क्या भिंतीला ठोकलेली हवी, लाकडी आडभिंतीला नव्हे. आणि ती शेगडीच्या धगीपासून व मोरीच्या ओलीपासून दूर असावी. फुगलेला डबा कितीही महाग असला तरी फेकावा. चौकोनी बरण्यांनी जागा वाचते, असे विक्रेते सांगतात, ते खरेही आहे : गोल डबा आपल्याभोवतीच्या चौरसाचा सुमारे ७८ टक्केच भाग वापरतो. पण कोपऱ्यांत गेलेल्या या बावीस टक्क्यांपेक्षा मागच्या चार रांगांत गेलेले धान्य अधिक असते.

आमच्या भूमिकेवर दोन आक्षेप येतात. पहिला, साठवायचेच कशाला? मारी कोंडो यांचे पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आल्यापासून वस्तू कमी करण्याचा उपदेश आपल्या शहरी वर्गातही रुजला आहे. दुसरा, आता दहा मिनिटांत सामान दारी येते. दुकान हेच कोठार. दोन्ही आक्षेप ज्याच्या खिशात रोज पैसे असतात त्याच्या तोंडी शोभतात. मराठीत ‘बेगमी’ असा एक नेटका शब्द आहे. हंगामात स्वस्त मिळते तेव्हा वर्षाचे भरून ठेवायचे, हा त्याचा अर्थ. ज्याच्या घरी जागा आहे तो पोते घेतो. ज्याच्या घरी नाही तो तीच डाळ पावकिलोच्या पुडीने, चढ्या भावाने, वर्षभर घेतो. म्हणजे फळी नसण्याचा दंड गरिबाला दर आठवड्याला भरावा लागतो. २६ जुलै २००५ च्या पावसात आणि २०२० च्या मार्चमधल्या टाळेबंदीत दुकान बंद झाले म्हणजे काय होते, तेही या शहराने पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट. ‘माळा तर आहेच की’ असे सहज म्हटले जाते. पण माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर कोण चढते? बहुतेक घरांत बाईच, आणि पुष्कळदा गुडघे दुखणारी. खांद्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात जे बसते तेच रोजच्या कामाचे. माळ्यावर गणपतीचे मखर ठेवावे, डाळ नव्हे.

तेव्हा आमचे मागणे फार मोठे नाही. पुनर्विकासाचे नकाशे रहिवाशांपुढे येतात तेव्हा हॉल केवढा आणि गॅलरी किती, हे विचारले जाते. त्याच सभेत स्वयंपाकघराच्या कोणत्या भिंतीला फळ्या ठोकता येतील, तिच्यातून नळ किंवा वीज गेली आहे का आणि दार कोणत्या बाजूला उघडते, हेही विचारावे. उत्तर बांधकाम सुरू होण्याआधी मिळाले तर काही खर्च नाही. नंतर मिळाले तर सुतार, गवंडी आणि पुष्कळदा शेजाऱ्याचीही परवानगी लागते.