पाटीवर कुणाचं नाव, कागदावर कुणाचं?

बाईने धंदा सुरू करायचा ठरवला की घरात पहिली चर्चा नावावरून होते. कुलदेवीचं नाव द्यावं, मुलीचं द्यावं, की सासूबाईंचं? सगळं घर हौसेने सूचना करतं. पण अर्ज कुणाच्या नावाने करायचा, ही चर्चा होतच नाही. 'कागदपत्रांचं मी बघतो' असं नवरा किंवा दीर म्हणतो आणि पहाटेपासून राबणाऱ्या बाईला तेवढंच ओझं कमी झाल्यासारखं वाटतं. माझ्या मते तिचा हक्क जायला सुरुवात इथूनच होते, कुणाच्या मनात तिला फसवायचं नसलं तरीही.

एकटीच्या मालकीच्या धंद्याला कायद्यात मालकापासून वेगळं अस्तित्व नसतं. 'अमुक गृह उद्योग' हे मालकाचंच दुसरं नाव. 'उद्यम' नोंदणी ज्याच्या आधार क्रमांकावर, चालू खातं ज्याच्या पॅनवर, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद ज्याच्या सहीने, त्याला कायदा मालक समजतो. चटणीची चव कुणाच्या हाताची आहे, हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नसतं. पुढे कधी ती घराबाहेर पडली, किंवा तो गेला आणि वारसांत वाद सुरू झाला, तर बारा वर्षं पाकिटावर छापलेलं नाव तिचं नसतं. कागदोपत्री ती 'घरच्या कामात मदत करणारी' ठरते.

याची उलटी बाजूही आपण पाहतो. महिलांसाठी कर्जाची किंवा अनुदानाची योजना आली की धंदा रातोरात बायकोच्या नावावर होतो. व्यवहार तोच बघतो, चेकबुक त्याच्या खिशात असतं. पण एकल मालकीत कर्जाची जबाबदारी मालकावर पूर्ण पडते. धंदा बुडाला म्हणून हात झटकता येत नाहीत. नोटीस येते तिच्या नावाने. आपल्या शिबिरांत 'सही करण्यापूर्वी वाचा' असं आपण घराच्या आणि जमिनीच्या कागदांबाबत सांगतो. ते धंद्याच्या कागदांबाबतही सांगायला हवं.

दुसरा गैरसमज प्रमाणपत्राचा. 'उद्यम'चा कागद मिळाला, दुकानाची नोंद झाली, की नाव 'रजिस्टर' झालं असं समजून तो कागद चौकटीत लावला जातो. त्या कागदांनी धंद्याची नोंद होते, नावावर हक्क मिळत नाही. शेजारच्या तालुक्यात त्याच नावाने दुसरं दुकान निघालं, तर त्या चौकटीचा फारसा उपयोग नाही. खासगी कंपनी काढली, तर तिच्या नावाला कंपनी निबंधक मान्यता देतो. पण बाजारात ते नाव दुसऱ्याने वापरू नये यासाठी तेही पुरत नाही. त्यासाठी व्यापारचिन्ह कायदा, १९९९ आहे.

या कायद्याची भीती बाळगण्याचं कारण नाही. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो. माल वर्गांत विभागलेला असतो: पापड, मसाले, पीठ हे ३०व्या वर्गात; लोणची २९व्यात; तयार कपडे २५व्यात. एका वर्गाच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी आणि लहान उद्योगासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. तपासणीनंतर नाव पत्रिकेत छापून येतं, हरकतीला चार महिने मिळतात आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. मग ती वाढवता येते. नोंदणी होण्याआधीच वर्तुळातला 'आर' छापणं मात्र बेकायदा आहे. छपाईवाले सर्रास छापून देतात, म्हणून सांगितलं.

नाव कोणतं घ्यावं, याबद्दल आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींना थोडं न आवडणारं बोलते. सावित्री, जिजाऊ, अहिल्या, रमाई ही आपली दैवतं. पण गावोगावी इतके गट या नावांनी चालतात, की त्यांतलं एखादं नाव केवळ आपलं असा दावा टिकवणं फार अवघड. छत्रपती शिवाजी महाराजांचं किंवा महात्मा गांधींचं नाव तर १९५०च्या बोधचिन्हे व नावे कायद्यामुळे सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारात वापरताच येत नाही. 'शुद्ध', 'घरगुती', 'चविष्ट' हे शब्द मालाचं वर्णन करतात, म्हणून त्यांवर सहसा एकाधिकार मिळत नाही. जो शब्द त्या मालाशी कुणी जोडला नसेल, असा शोधावा. आजीच्या बोलीतला असेल, तर उत्तमच.

आधीपासून नाव वापरत असाल आणि नोंदणी नसेल, तर सगळं गेलं असं नाही. आधीपासून सातत्याने केलेल्या वापराला कायदा मान देतो. पण तो वापर दाखवावा लागतो. म्हणून पहिलं बिल, लेबल छापल्याची पावती, जत्रेतल्या स्टॉलची पावती जपून ठेवा. आणि त्या पावत्या कुणाच्या नावाने फाडल्या आहेत, तेही बघा.

अर्जदाराच्या रकान्यात बाईचं स्वतःचं नाव असावं, आणि ते पॅन, आधार, बँक तिन्ही ठिकाणी सारखं असावं. इथे आपली जुनी अडचण येते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, असं अनेकींचं असतं. मेळ घालण्यात महिने जातात आणि कंटाळून घरातल्या पुरुषाच्या नावाने अर्ज होतो. नवऱ्याच्या नावावर नोंदणी होऊन गेली असेल, तर लेखी हस्तांतरण करून ती आपल्या नावावर करून घेता येते. घरात गोडी असतानाच ते करावं.

गटांचं काय? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव १९६२ साली स्पर्धा घेऊन ठरलं; बक्षीस होतं पाच रुपये. पुढे १९६६ साली संस्था नोंदली गेली आणि नाव संस्थेचं राहिलं, कुणा एकीचं झालं नाही. आपल्या बचत गटांत मात्र गटाची नोंदणी नसते, म्हणून सोयीसाठी चिन्हाचा अर्ज अध्यक्षांच्या नावाने केला जातो. अध्यक्ष बदलतात, गावही सोडतात, आणि मग दहा जणींच्या कष्टाचं नाव एकीच्या मालकीचं होऊन बसतं. सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी काढून तिच्या नावाने अर्ज करता येतो. अनेक गटांच्या संघाला सामूहिक चिन्हाची सोयही कायद्यात आहे. तेवढं जमत नसेल, तर सगळ्या जणींनी मिळून संयुक्त अर्ज करावा. तोवर, नाव सर्वांचं आहे आणि सर्वांच्या संमतीशिवाय कुणी ते नोंदवणार नाही, असा ठराव पुढच्याच बैठकीत वहीत लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. अध्यक्षबाईंची सही सर्वांत आधी.