नको असलेला भिडू

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मैदानावर कबड्डीचे संघ पाडणं चाललं होतं. एका बाजूला भिडू जास्त झाले, दुसऱ्या बाजूला दोन कमी. जास्तीच्या संघात एकाचा पाय मुरगळलेला होता. त्याचा कप्तान दुसऱ्याला म्हणाला, “याला तू घे ना! मग तो चपळ गडी आहे ना, तोही तुला देतो.” झालं, सौदा ठरला!

मला एकदम अमेरिकेतल्या हॉकीची आठवण झाली. हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण ही हॉकी वेगळी बरं का. ही बर्फावर खेळतात. पायांत स्केट्स आणि चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती. अमेरिका आणि कॅनडातल्या संघांची एक मोठी स्पर्धा आहे, नॅशनल हॉकी लीग. तिथे असले सौदे चक्क लाखो डॉलरचे होतात.

ते का होतात, ते आधी पाहू. पूर्वी श्रीमंत संघ वाटेल तेवढा पगार देऊन चांगले खेळाडू पळवत. मालकांना पगाराला मर्यादा हवी होती, खेळाडूंना ती नको होती. भांडण इतकं विकोपाला गेलं, की 2004-05 चा संपूर्ण मोसमच रद्द झाला! शेवटी 2005 साली नियम ठरला. एका संघाच्या सगळ्या खेळाडूंचा पगार मिळून एका ठरावीक रकमेपेक्षा जास्त व्हायचा नाही. ही रक्कम सगळ्या संघांना सारखी. मालकाच्या खिशात कितीही पैसे असोत, ती रेघ ओलांडायची नाही म्हणजे नाही.

आता गंमत पाहा. पैसा बाहेरून आणता येतो, पण या रेघेखालची जागा विकत मिळत नाही. म्हणून ज्याच्याकडे जागा रिकामी, त्याचा भाव वधारला.

शिकागोच्या संघाची गोष्ट सांगते. 2010, 2013 आणि 2015 अशी तीन वेळा या संघाने स्टॅनले चषक जिंकला. जिंकणाऱ्यांचे पगार वाढणारच! 2016-17 च्या मोसमात मर्यादा होती 7 कोटी 30 लाख डॉलर. त्यातले 2 कोटी 10 लाख डॉलर केन आणि टेव्झ या दोघांनाच द्यायचे होते. करा बरं हिशेब! पाव भागाहून जास्त रक्कम दोघांतच संपली.

याच संघात ब्रायन बिकेल नावाचा खेळाडू होता. 2013 च्या अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात शिकागो एका गोलने मागे होता आणि सव्वा मिनिट उरलं होतं. बिकेलने गोल मारून बरोबरी केली. पुढच्या 17 सेकंदांत शिकागोचा आणखी एक गोल झाला आणि चषक हाती आला! खूश होऊन संघाने त्याच्याशी चार वर्षांचा, वर्षाला सरासरी 40 लाख डॉलरचा करार केला. पण पुढे त्याचा खेळ मंदावला. पगार मात्र मर्यादेत मोजला जातच होता.

इकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरोलायना संघाकडे भरपूर जागा रिकामी होती. जून 2016 मध्ये शिकागोने त्यांना बिकेल दिला. आणि त्याला घ्यावं म्हणून काय दिलं ठाऊक आहे? तेराव्हायनेन हा फिनलंडचा 21 वर्षांचा गुणी खेळाडू! कॅरोलायनाने बदल्यात दिल्या फक्त नवे खेळाडू निवडण्याच्या दोन पाळ्या, त्याही पहिल्या फेरीतल्या नाहीत. तेराव्हायनेन पुढे आठ मोसम तिथे खेळला आणि 2018-19 मध्ये त्याने 21 गोल केले.

कॅरोलायनाने हीच युक्ती 2019 मध्ये पुन्हा वापरली. टोरांटो संघाला मार्लो या 39 वर्षांच्या खेळाडूचा 62 लाख 50 हजार डॉलरचा भार नको होता. कॅरोलायनाने तो घेतला आणि त्याबरोबर टोरांटोची 2020 मधली पहिल्या फेरीतली पाळीही मिळवली. मार्लोला ठरलेली रक्कम देऊन मोकळं केलं. त्या पाळीतून निवडला सेथ जार्व्हिस हा मुलगा. 2023-24 मध्ये त्याने 33 गोल मारले!

म्हणजे जागा रिकामी ठेवणं हा वेडेपणा नव्हे. सगळे खिसा रिकामा करून बसतात, तेव्हा शिल्लक राखणाऱ्याकडे संधी चालून येते. पालकांना हे पटेलच! पण नुसती जागा असून भागत नाही. बदल्यात काय मागायचं, हेही कळावं लागतं.

थांबा, गोष्ट संपली नाही. बिकेलचं काय झालं? नोव्हेंबर 2016 मध्ये कळलं, की त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. ज्याला सगळे हिशेबातलं ओझं समजत होते, तो माणूस आजारी होता. उपचार घेऊन एप्रिल 2017 मध्ये तो पुन्हा बर्फावर उतरला. मोसमाचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला, तेव्हा शूटआउटमध्ये प्रशिक्षकाने पहिल्यांदा त्यालाच पाठवलं. आणि त्याने गोल मारला! तो त्याचा शेवटचा सामना. कॅरोलायनाने ती लढत जिंकली आणि त्याच्या संघातल्या गड्यांनी त्याला मिठ्या मारल्या.

आमच्या मैदानावर सौदा झाला, तेव्हा तो पाय मुरगळलेला मुलगा तिथेच उभा राहून सगळं ऐकत होता. मला हसू आलं होतं. त्याचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं. मी काही बोलणार, तेवढ्यात नवा कप्तान त्याला म्हणाला, “तू पळू नकोस. मधे उभा राहा आणि साखळी धर.”

त्या डावात कोण जिंकलं, ते मी पाहिलं नाही. घंटा वाजली होती. पण तो मुलगा वर्गात लंगडत आला, तो हसतच.

उद्या तुम्ही कप्तान व्हाल, तेव्हा सौदा जरूर हुशारीने करा. फक्त ज्याला तुम्ही घेता, त्याला कामही द्या.

तुमच्या बाई